मुळा-प्रवरा : आपल्याच विजेच्या संस्थेचा ताळेबंद

आपल्या जिल्ह्यात ‘संस्था बुडाली’ म्हटलं की सध्या डोळ्यासमोर नगर अर्बन बँक येते. १९१० सालची बँक. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. लोकांच्या ठेवी अडकल्या, रांगा लागल्या, मोर्चे निघाले, गुन्हे दाखल झाले. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि अजून लिहिलं जाईल. मला आज दुसऱ्याच एका संस्थेबद्दल लिहायचंय. तिच्या नावावर दोन हजार कोटींहून जास्त थकबाकी चढली, तिचं मुख्य काम एका रात्रीत दुसऱ्याकडे गेलं, आणि तरीही तिच्यासाठी कुठे रांग लागली नाही. मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी, श्रीरामपूर.

रांग का लागली नाही, याचं उत्तर सोपं आहे. तिथे कुणाची ठेव नव्हती. सभासदांचे शेअर होते, पण ते कनेक्शन घेताना कधीतरी भरलेले आणि विसरलेले. १ फेब्रुवारी २०११ ला सकाळी उठलो तर दिवा तसाच लागत होता, मोटार तशीच चालत होती, फक्त बिलावरचं नाव पुढे बदलणार होतं. माणसाला जोवर खिशातून काही गेल्यासारखं वाटत नाही, तोवर तो ताळेबंद मागत नाही. म्हणून हा ताळेबंद मांडतोय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

तरुण पोरांना हे नाव फक्त निवडणुकीच्या भाषणातून माहीत असेल, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पूर्ण झालं आणि खालच्या पट्ट्यात पाटपाणी खेळलं. ऊस आला. उसामागून खासगी कारखाने आले आणि १९५० ला लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही दोन नावं आपण शाळेपासून ऐकतो. शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून कारखाना उभा करायचा आणि चालवायचा, ही गोष्ट त्या काळात वेड्यासारखी वाटली असेल, पण ती जमली. एकदा कारखाना जमल्यावर माणसाला वाटणारच की दूध जमेल, बँक जमेल, दवाखाना जमेल. मग वीज का नाही?

विजेची गरजही खरी होती. पाटाचं पाणी आवर्तनाच्या हिशेबानं येतं, ऊस मात्र बारा महिने पितो. दोन आवर्तनांच्या मधली भूक विहिरीनं भागवायची, आणि विहिरीचं पाणी मोटेनं किंवा ऑइल इंजिननं किती उपसणार? राज्य वीज मंडळ १९६० ला झालं होतं, पण त्याचं पहिलं लक्ष शहरं आणि उद्योग. खेड्यात खांब टाकायचे तर खर्च मोठा, वसुली थोडी. कुठल्याही मंडळाचा अधिकारी असं काम शेवटी ठेवणार.

याच सुमाराला दिल्लीत एक गोष्ट घडत होती. १९६९ ला ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झालं, ज्याला आपण आरईसी म्हणतो. त्याच्यामागे अमेरिकेची मदत होती. अमेरिकेत १९३५ नंतर, रूझवेल्टच्या काळात, खेड्यांत वीज पोहोचवली ती शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी. खासगी कंपन्या शेतापर्यंत तार न्यायला तयार नव्हत्या, तेव्हा सरकारनं स्वस्त कर्ज दिलं आणि शेतकऱ्यांनी संस्था काढल्या. त्या संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेची माणसं साठच्या दशकात सल्लागार म्हणून भारतात आली. ठरलं असं की पाच ठिकाणी प्रयोग करायचा. आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात आपलं मुळा-प्रवरा.

सगळ्या देशातून पाच जागा निवडल्या, त्यात एक आपली होती. हे आपण सांगतही नाही कुणाला. सहकारी साखर कारखान्याचा फलक सगळे दाखवतात, याचा कुणी दाखवत नाही. अर्थात कारण आहे.

श्रीरामपूर, राहुरी, आजचा राहाता, आणि संगमनेर-नेवाशाचा काही भाग, असं मिळून दीडशेहून जास्त गावं या संस्थेकडे आली. काम वीज बनवायचं नव्हतं. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची, आपल्या तारांवरून घरोघर आणि विहिरीवर पोहोचवायची, बिल करायचं, वसूल करायचं आणि मंडळाचे पैसे भरायचे. किराणा दुकानदार मार्केट यार्डातून पोतं आणून किलोनं विकतो, तसा धंदा. फरक एवढाच की दुकानाचा मालक गिऱ्हाईकच होता आणि उद्देश नफ्याचा नव्हता. आपल्या भागात वीज यावी, एवढाच.

आणि वीज आली, हे मान्य करावंच लागेल. ज्यांनी सत्तरचं दशक पाहिलंय ते सांगतात की शेजारच्या तालुक्यांत कनेक्शनच्या अर्जावर धूळ बसत होती तेव्हा इकडे खांब उभे राहत होते. वायरमन गावातला, ऑफिस श्रीरामपूरला, संचालक ओळखीचा. डीपी जळाली तर कुणाच्या दारात जायचं हे माहीत होतं. आमच्याकडे त्या काळातली माणसं अजून ‘बोर्डाची लाईट’ आणि ‘सोसायटीची लाईट’ असा फरक करून बोलतात. सोसायटीची लाईट म्हणताना आवाजात थोडी आपुलकी असते.

मग बिघडलं कुठे?

दुकानदाराचीच उपमा पुढे नेतो. या दुकानदाराला पोतं कितीला घ्यायचं हे ठरवता येत नव्हतं, तो भाव मंडळ ठरवणार. किलो कितीला विकायचं हेही ठरवता येत नव्हतं, कारण शेजारच्या तालुक्यात मंडळ शेतकऱ्याला ज्या दरानं वीज देतंय त्यापेक्षा जास्त दर इथे लावला तर उद्या मोर्चा. खरेदीचा भाव दुसऱ्याच्या हातात, विक्रीचा भाव राजकारणाच्या हातात. मधली फट भरायची कशी, एवढंच त्याच्याकडे सोपवलेलं.

आकडे समजण्यापुरते घेतो, ते खरे नाहीत, हिशेबाची रीत कळावी म्हणून आहेत. समजा संस्थेनं दोन रुपयांनी शंभर युनिट घेतले. झाले दोनशे रुपये. वीस युनिट तारांत आणि चोरीत गेले. उरले ऐंशी. त्यातले पन्नास शेतीपंपांना पन्नास पैशांनी, म्हणजे पंचवीस रुपये. तीस युनिट घरं, दुकानं, पिठाच्या गिरण्या यांना तीन रुपयांनी, म्हणजे नव्वद. सगळं शंभर टक्के वसूल झालं तरी आले एकशे पंधरा. द्यायचे दोनशे. पंच्याऐंशीचा खड्डा पहिल्याच फेरीत, आणि शंभर टक्के वसुली तर कधीच होत नाही. पुढच्या महिन्यात हाच खड्डा, वर त्या पंच्याऐंशीवरचं व्याज.

आता कुणी विचारेल, मंडळही शेतकऱ्याला स्वस्तच देत होतं, मग मंडळ कसं चाललं? मंडळाकडे ठाणे-बेलापूर होतं, पिंपरी-चिंचवड होतं, भोसरी होती. तिथल्या कारखान्यांना चढा दर लावायचा आणि त्यातून शेतीची तूट भरायची. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. मुळा-प्रवराच्या हद्दीत असा मोठा, वर्षभर वीज घेणारा उद्योग कुठला? श्रीरामपूरची एमआयडीसी किती, आणि बाकी साखर कारखाने, जे गाळपाच्या हंगामात बगॅस जाळून स्वतःची वीज स्वतः करतात. म्हणजे तुटीचा ग्राहक भरपूर आणि फायद्याचा ग्राहक मोजका. असा भाग वेगळा काढून त्याला ‘स्वतःच्या पायावर उभं राहा’ म्हणणं म्हणजे घरातल्या शिकणाऱ्या मुलाला वेगळं काढून शिधा विकत घ्यायला लावण्यासारखं झालं.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. पारनेर, शेवगाव, पाथर्डी, जामखेड इथल्या शेतीपंपांवर मंडळालाही तोटाच होत होता. पण तो सगळ्या राज्याच्या हिशेबात मिसळून जायचा, त्याला गावाचं नाव नव्हतं. मुळा-प्रवराचे हिशेब वेगळे होते म्हणून तिथला तोटा वेगळा दिसला, वेगळा साठला आणि त्याला नाव चिकटलं.

त्यात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॅट रेट आला. मीटर काढा, मोटारीच्या एचपीवर वर्षाचे पैसे भरा. शेतकऱ्याला सोयीचं, मीटर वाचणाऱ्यालाही सोयीचं. पण त्या दिवसापासून पंपानं किती वीज ओढली हे कुणालाच मोजता येईना. तीन एचपीची पाटी आणि आत पाचची मोटार, हे आपल्याला काय नवीन? आमच्या वडिलांना बिल आलं की ते फक्त एचपीचा आकडा बघायचे आणि घडी घालून ठेवायचे, वाचण्यासारखं त्यात दुसरं काही नव्हतंच. संस्थेच्या बाजूनं याचा परिणाम वाईट झाला. मंडळ संस्थेला घाऊक वीज मीटरवर मोजून देणार, आणि संस्था ती पुढे न मोजता विकणार. गळती किती आणि शेतीचा वापर किती, हे दोन्ही आकडे अंदाजाचे झाले. गळतीचा आकडा अंदाजाचा झाला की चोरी पकडायची निकड कुणालाच राहत नाही, ती शेतीच्या खात्यात टाकता येते. हा रोग फक्त मुळा-प्रवराचा नाही, सगळ्या महाराष्ट्राचा आहे आणि आजही आहे.

अमेरिकेतून नमुना आणला म्हणालो, तर तिथे काय होतं तेही सांगतो. तिथल्या संस्थांचा प्रत्येक सभासद मीटरवर पैसे भरत होता. दर संस्था स्वतः ठरवत होती. त्यांतल्या अनेकांना सरकारी धरणांची घाऊक वीज स्वस्तात मिळत होती. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर ती सभासदाच्या नावावर जमा व्हायची. आपण संस्थेचा आकार आणला, शेअर आणले, संचालक मंडळ आणलं, वार्षिक सभा आणली. दर ठरवायचा अधिकार मात्र आणला नाही.

एवढं म्हणून संस्था निर्दोष ठरत नाही. इथे आपल्याच माणसांविषयी बोलायचं आहे, म्हणून जरा जड जातं.

संचालक निवडून येणार सभासदांच्या मतांवर. सभासद म्हणजे ग्राहक, आणि बरेच ग्राहक म्हणजे थकबाकीदार. ज्याचं कनेक्शन तोडायचं त्याच्याच दारात पाच वर्षांनी मत मागायला जायचं. हीच अडचण पतसंस्थांत असते, विकास सोसायट्यांत असते, पण तिथे निदान जिल्हा बँक वरून दट्ट्या लावते. इथे वरचा धनको म्हणजे सरकारी मंडळ, आणि सरकारात आपलीच माणसं. या संस्थेवर विखे पाटील घराण्याचं दीर्घकाळ वर्चस्व राहिलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे थकबाकीचा विषय निघाला की तो कधी हिशेबाचा राहिलाच नाही, तो लगेच विखे विरुद्ध विरोधक असा व्हायचा. एका बाजूला ‘घराण्यानं संस्था खाल्ली’, दुसऱ्या बाजूला ‘मंडळानं संस्था मारली’. दोन्ही घोषणा द्यायला सोप्या. घाऊक खरेदी किती, विक्री किती, गळती किती, वसुली किती, हे चार आकडे शेजारी मांडून गावच्या पारावर कुणी बोललं असं मला तरी आठवत नाही.

संस्थेचं म्हणणं असं होतं की घाऊक दरच मुळात चुकीचा लावला, शेतीला सवलतीनं वीज द्यायची तर त्याची भरपाई आम्हाला मिळायला हवी होती. या म्हणण्यात तथ्य आहे, वर हिशेब मांडलाच. पण दराचा वाद आहे म्हणून जे पैसे ग्राहकांकडून खरोखर गोळा झाले त्यातून किती पुढे गेले, किती पगारात गेले, किती खांब-तारांच्या दुरुस्तीत गेले, हा प्रश्न वेगळा राहतो. आणि भांडण चालू असताना व्याज थांबत नाही. मुद्दलापेक्षा व्याज कसं मोठं होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेली ती एका वर्षात नाही. बिल यायचं, अपुरं भरलं जायचं, उरलेलं पुढच्या पानावर जायचं. मंडळही ते येणं म्हणून दाखवत राहिलं आणि सरकारही समिती, बैठक, फेरविचार करत राहिलं. तिघांनाही तो आकडा कागदावर राहिलेला सोयीचा होता.

कायदा बदलल्यावर हा खेळ संपला. १९९९ ला राज्य वीज नियामक आयोग आला. २००३ ला नवा वीज कायदा आला. २००५ ला मंडळाचे तुकडे होऊन महावितरण कंपनी झाली. आता कंपनीला आपला दर आयोगापुढे मांडावा लागणार, येणी दाखवावी लागणार, आणि ‘हे पैसे का वसूल केले नाहीत’ याचं उत्तर द्यावं लागणार. मधेच २००४ ला निवडणुकीच्या तोंडावर शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि वर्षभरात मागे घेतली गेली. एकदा फुकट म्हटल्यावर पुन्हा बिल भरायची सवय लावणं किती अवघड असतं, हे वसुलीला फिरलेल्या कुठल्याही वायरमनला विचारा.

मुळा-प्रवराचा परवाना ३१ जानेवारी २०११ ला संपत होता. पूर्वी मुदतवाढ मंत्रालयातून मिळायची, आता आयोगासमोर उभं राहावं लागणार होतं. तिथे नव्यानं परवाना मागणाऱ्याची आर्थिक ताकद बघतात. ज्या पुरवठादाराचे दोन हजार कोटी थकलेत, तोच महावितरण परवान्यासाठी समोर उभा. निकाल काय लागणार हे कळायला वकील लागत नव्हता. परवाना महावितरणला गेला. चाळीस वर्षं चाललेला प्रयोग १ फेब्रुवारीला संपला.

खांब, तारा, उपकेंद्रं मात्र संस्थेच्या मालकीची. म्हणजे संस्था वीज विकू शकत नाही, पण तिच्या तारांवरून दुसरा विकतोय. मग त्या वापराचं भाडं किती, कुणी द्यायचं, ते थकबाकीत वळतं करायचं का, यावर अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत कज्जे गेले. कर्मचाऱ्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिला. आणि तुमच्या-माझ्यासारख्या सभासदाचं काय, हा प्रश्न उभासुद्धा राहिला नाही.

पाच प्रयोगांतल्या दोन संस्था आजही चालू आहेत, हे कळलं तेव्हा मला खरं आश्चर्य वाटलं. एक तेलंगणातली सिरसिल्ला. दुसरी हुक्केरी, जी आपल्याला लांब नाही, बेळगाव जिल्ह्यात, निपाणीच्या पुढे. तिथला शेतकरी आपल्यापेक्षा श्रीमंत नाही आणि तिथला पुढारी आपल्यापेक्षा साधू नाही. तिथेही पंपांना सवलत आहे, उलट कर्नाटकात दहा एचपीपर्यंत सरकारच भार उचलतं. फरक हिशेबाच्या मांडणीत दिसतो. आंध्रात आयोगानं अशा संस्थांसाठी घाऊक दर वेगळा आणि कमी ठरवला, कारण त्यांचे ग्राहक कसे आहेत हे लक्षात घेतलं. हुक्केरीचाही हिशेब तिथला आयोग स्वतंत्र बघतो. म्हणजे सवलत द्यायची तर ती कुणाच्या खात्यातून, हे आधी लिहिलं जातं. आपल्याकडे सवलत मंत्रालयातून जाहीर झाली आणि तिचं बिल श्रीरामपूरच्या ऑफिसात साठत गेलं.

‘सोसायटी होती म्हणून थकबाकी झाली, सरकारी कंपनी असती तर झाली नसती’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एकच आकडा. २०२० ला राज्यानं कृषिपंप धोरण आणलं तेव्हा महावितरणची शेतीपंपांची थकबाकी ४५ हजार कोटींच्या घरात होती. मुळा-प्रवराच्या वीसपट. महावितरणचा परवाना कुणी काढून घेतला नाही, घेताही येणार नाही. मोठ्याची थकबाकी धोरणाचा विषय होते, लहानाची थकबाकी गुन्ह्यासारखी बघितली जाते.

आता २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकार मोफत वीज देतंय, मार्च २०२९ पर्यंत. पैसे सरकार महावितरणला देणार असं ठरलंय. दुसरीकडे सौर कृषी वाहिनी योजना आहे, जिची सुरुवात २०१७ ला आपल्याच राळेगणसिद्धीत झाली. गावाजवळ सौर प्रकल्प, दिवसा वीज, लांबून वीज आणण्याचा खर्च आणि गळती कमी. ही योजना बघताना मला राहून राहून वाटतं की १९६९ ला या पट्ट्यातल्या लोकांना हेच हवं होतं, आपल्या भागाची वीज आपल्या हातात. तेव्हा तंत्र नव्हतं आणि दर ठरवायचा अधिकार नव्हता. आज तंत्र आलंय. सौर प्रकल्पासाठी गावोगाव संस्था, कंपन्या, गट निघतायत, आणि त्यांचे करार होतायत. त्या करारात दर कोण ठरवतो, पैसे किती दिवसांत मिळतात आणि उशीर झाला तर व्याज कुणावर, ही तीन कलमं सही करण्याआधी वाचा, एवढं तर आपण मुळा-प्रवरावरून शिकलेलो असू.

एक काम आहे. ज्यांच्या घरी मुळा-प्रवराचं शेअर सर्टिफिकेट, जुनी बिलं, वार्षिक सभेचे छापील अहवाल असतील, विशेषतः १९७१ ते १९९० मधले, त्यांनी ते रद्दीत घालू नका. ताळेबंदाच्या पानाचा नीट फोटो काढून मला पाठवा. मी वर्षवार लावतोय. खरेदी, विक्री, गळती, वसुली, हे चार रकाने.